बोलत नाही म्हणून

"पानी नाही. पाणी. म्हणा."

मी म्हटलं, "पानी."

"नाही. जीभ वर वळवा. ण. बाणातला ण. पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं. बालमंदिराच्या बाईंनी मान तिरकी करून ऐकलं, जसं लहान पोराचं पाठांतर ऐकतात. मग म्हणाल्या, "अजून एकदा. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

सगळ्या म्हणजे बाकीच्या आया. अंबरनाथ पूर्वेला एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर ते बालमंदिर. भिंतीवर ससे आणि गाजरं. आम्ही सगळ्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. मी एकटी उभी. मला उभं केलं होतं. कोपऱ्यात कोणीतरी फसकन हसली आणि खोकल्यासारखं केलं.

मी तिसऱ्यांदा म्हटलं. पाणी.

"बघा," बाई बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "मूल कानाने शिकतं. कानावरच असं पडलं तर जिभेवर काय येणार? यांच्या घरात मराठी धड नाही, त्यात हिंदी, त्यात उल्हासनगरच्या कारखान्यातलं सिंधी. खिचडी नुसती. मूल बिचारं गोंधळतं आणि गप्प बसतं. संघमित्रा बोलत नाही, त्याचं कारण तुमच्यासमोर उभं आहे."

कारण म्हणजे मी.

संघमित्रा, माझी मितू, तेव्हा टेबलाखाली पालथी पडली होती. हातात प्लास्टिकचा ट्रक. ट्रक उलटा. एका चाकाला बोट मारायची, ते फिरायचं, ती गाल जमिनीला लावून बघायची. थांबलं की परत बोट. तिच्या आईला आख्ख्या खोलीसमोर मुळाक्षर शिकवत होते आणि तिला पत्ता नव्हता. अडीच वर्षांची पोर. तिचं काय चुकलं?

मी मात्र खाली बसले. बसताना "थँक्यू बाई" म्हटलं. हे मी विसरत नाही. शिवी देणाऱ्याला आपण थँक्यू म्हणतो, इतकं खोलवर आपल्यात भरलेलं असतं. घरी येऊन मी चूळ भरली. पुन्हा पुन्हा भरली. तोंडात काहीतरी घाण गेल्यासारखं वाटत होतं.

आता मागचं सांगते.

मितू बोलायची. हे मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, पण कोणी मनावर घेतलं नाही. चालायला लागली तेव्हा तिच्याकडे तीन शब्द होते. पानी. आबा. माऊ. आबा म्हणजे माझे सासरे, ते तेव्हा होते. दारात मांजर आली की माऊ. आणि पानी दिवसभर. मग ते शब्द गेले. भाडेकरू खोली रिकामी करून जातात तसे गेले. आधी माऊ गेलं. मांजर समोर बसलेली आणि ही तिच्याकडे बघतही नाही. मग आबा. शेवटी पानी. तहान लागली की माझं मनगट धरायची आणि माठाकडे ओढायची. माझा हात पेल्यावर नेऊन ठेवायची. तोंडाकडे बघायची नाही. जशी मी कोणी बाई नाही, नुसता हात आहे.

हाक मारली तर वळायची नाही. मला वाटलं, ऐकू येत नाही. मी तिच्या मागे उभी राहून ताटली आपटली. दचकली. आतल्या खोलीत बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला तरी धावत यायची. म्हणजे कान होते. फक्त "मितू" हा आवाज तिच्यासाठी तिचा नव्हता.

टाचा वर करून चालायची. बाटल्यांची झाकणं एका रेषेत लावायची. त्यातलं एक जरी सरकवलं तरी असा आक्रोश, की शेजारची माणसं विचारायला यायची, पोरीला मारता का म्हणून.

बेलवलीला माझी नणंद राहते. तिच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो. ती मुलगी मितूपेक्षा लहान. गॅलरीत मला ओढत घेऊन गेली, बोट केलं, "मामी, काऊ!" मग माझ्याकडे बघितलं. मी काऊ बघतेय ना, हे बघितलं. मग परत काऊकडे. नजरेचा एवढासा फेरा. एका क्षणाचा. आणि मला आतून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं. मितूने असं कधी केलं नव्हतं. एकदाही नाही. तिने कधी मला काही दाखवलं नव्हतं.

तेवढ्यात आत नणंदेने वाटणासाठी मिक्सर लावला. मितूने दोन्ही कान दाबले आणि डोकं भिंतीवर आपटायला लागली. धप, धप. मी धावले. नणंद म्हणाली, "वैनी, किती लाडावून ठेवलीय हिला." पाहुण्यांनी केक खात खात बघितलं.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं, "आई, मितूचं काहीतरी वेगळं आहे."

"काय येगळं?" त्या म्हणाल्या. "सुनील पन तीन वर्साचा होऊन बोलला. बापावर गेलीय. तू त्या मोबाईलात बघून बघून डोक्यात खूळ घेतलंस."

सुनील, माझा नवरा, अंबरनाथच्या एमआयडीसीत केमिकलच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. घरी येतो तेव्हा त्याच्या अंगाला वास असतो आणि डोळे लाल असतात. तो म्हणाला, "बोलेल गं. घाई काय आहे?" तो मितूला मांडीवर घ्यायचा आणि ती त्याच्या शर्टाचं बटण फिरवत बसायची. त्याला ते प्रेम वाटायचं. मला बटण दिसायचं.

मोबाईलात बघितलं, हे खरं आहे. मी उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात चेकिंगला आहे. धागे कापायचे, शिलाई बघायची, डाग असला तर पीस बाजूला काढायचा. जेवणाच्या सुट्टीत मी मराठीतून टाईप केलं, मूल नावाने हाक मारल्यावर बघत नाही. जे आलं ते वाचताना पोळी डब्यात तशीच राहिली. ऑटिझम. स्वमग्नता. तिथे जे लिहिलं होतं ते माझ्या घरात रोज चालत होतं. पण सगळीकडे एक वाक्य होतं, शंका आली की थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी थांबले नाही. दाखवलं. म्हणून मला जास्त किळस येते.

स्टेशनजवळ लहान मुलांचे डॉक्टर आहेत. मोठं नाव. बाहेर काचेच्या पेटीत मासे, एसी, बसायला सोफा. आमचा नंबर आला. मी आत गेले आणि सुरुवात केली, "डॉक्टर, ही हाक मारल्यावर..."

"नाव?"

"संघमित्रा."

"अरे वा. पूर्ण नाव?"

मी सांगितलं. आडनावापर्यंत आले, तेव्हा ते म्हणाले, "अच्छा."

ते अच्छा ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना समजावून उपयोग नाही. आवाज चढत नाही, तोंड वाकडं होत नाही. फक्त एक दार हळूच लागतं. खुर्चीतला माणूस थोडा मागे टेकतो.

"काय करता तुम्ही?"

"जीन्सच्या कारखान्यात आहे."

"म्हणजे दिवसभर बाहेर. आणि घरी कोण? सासू. सासू हातात मोबाईल देते. बरोबर?"

"नाही डॉक्टर, मोबाईल देत नाही आम्ही. ही बोट दाखवत नाही, आधी बोलायची ते शब्द..."

"बाई, मी रोज बघतो. वस्तीत मुलांशी बोलतं कोण? टीव्ही चालू, भांडणं चालू, मूल कोपऱ्यात. उत्तेजन नाही, मग वाचा कुठून येणार? तुमच्यात मुलांशी गप्पा मारायची पद्धत नसते. चार चांगल्या घरातल्या मुलांत ठेवा. बोलायला लागेल."

त्यांनी मितूला हात लावला नाही. तिला नावाने हाक मारून बघितली नाही. ती टाचा वर करून त्यांच्या टेबलाला फेऱ्या मारत होती, त्यांच्या डोळ्यांसमोर, गोल गोल, आणि ते माझं घर बघत होते. कधीही न बघितलेलं घर. त्यांना तिथे टीव्ही दिसला, भांडण दिसलं, कोपरा दिसला. समोरचं मूल दिसलं नाही.

मी ऑटिझम हा शब्द काढला. ते हसले. "गूगलवर वाचलंत? तुम्ही लोक आता हेही वाचायला लागलात?"

चार चांगली घरं. म्हणून ते बालमंदिर. माझ्या नवऱ्याला वाटलं डॉक्टरांनी सांगितलंय तर बरोबर असेल. सासूबाईंना वाटलं पोरगी शिकतेय तर बरंच. मला वाटलं, जाऊ दे, मुलांत राहील. सकाळी मी तिला तिथे सोडायची, दुपारी सासूबाई आणायच्या. बाईंनी पहिल्या दिवशी मितूच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड वर केलं आणि बराच वेळ बघितलं. मितूची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पंख्यावर. बाई म्हणाल्या, "हं. बघू." त्या हं मध्ये काय होतं ते मला पुढे कळलं.

मग ती पालकसभा. पाणी. ण.

त्या दिवसानंतर मी घरात शुद्ध बोलायला लागले. ऐका आणि हसा. कामावरून यायचं, पोरीसमोर बसायचं, आणि टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलायचं. संघमित्रा, आपण आता जेवण करणार आहोत. संघमित्रा, हा पेला आहे आणि हे पाणी आहे. माझ्या आईने मला झोपवताना जे गुणगुणलं होतं, ते मी मितूला गुणगुणायची. ते बंद केलं. त्यात सगळे न होते. मितू आधी त्या गुणगुणण्यावर माझ्या कुशीत डोकं खुपसायची, तेवढी एकच गोष्ट ती माझ्यासोबत करायची. ती पण बंद झाली. सुनील एकदा म्हणाला, "काय झालंय तुला? कोणासारखी बोलतेस?" आमच्याच घरात, आमच्याच पोरीशी, मी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडाने बोलत होते.

बालमंदिरात पाणी प्यायला स्टीलचे छोटे पेले होते. फळीवर ओळीने उपडे. मितूसाठी खिडकीत एक प्लास्टिकचा मग. मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "ती चावते ना पेला. इतर पालकांना चालत नाही." मितू घरी स्टीलच्याच पेल्याने प्यायची. कधी चावला नव्हता. मी काही म्हटलं नाही. आपल्याला बोलायचं नाही अशी सवय लागलेली असते. ती कोणी एका दिवसात लावत नाही.

मग तिच्या दंडावर वळ दिसायला लागले. लालसर पट्टे. सासूबाई म्हणाल्या, "इलॅस्टिक घट्ट असंल." मी फ्रॉक बदलला. पट्टे राहिले. ती सकाळी बंगल्याचं फाटक दिसलं की रस्त्यावर आडवी पडायची. बाई म्हणायच्या, "नाटकं. आई गेली की गप्प होते."

एके दिवशी कारखान्यात लाईट गेली. जनरेटर बिघडला. सेठ म्हणाला, "जाओ, आज छुट्टी." मी रिक्षा करून थेट अंबरनाथला आले. वाटलं, आज मीच आणते मितूला. फाटक उघडं होतं. आत मुलं गाणं म्हणत होती, टाळ्या वाजत होत्या. मी दारातून डोकावले. मुलं गोल करून बसलेली. त्यात मितू नव्हती.

ती पलीकडच्या खोलीत होती. जिथे सतरंज्या आणि झाडू ठेवतात तिथे. प्लास्टिकच्या खुर्चीत. तोंड भिंतीकडे. ओढणीने बांधलेली. पोटावरून, दंडांवरून, खुर्चीच्या पाठीमागे गाठ. फरशीवर लघवी. त्यात तिचे पाय. ती रडत नव्हती. भिंतीवर पोपडा होता, त्याकडे बघत होती आणि मान डोलवत होती.

मी काय केलं सांगते. मी आधी फोटो काढला.

गाठ सोडायच्या आधी मी मोबाईल काढला आणि फोटो काढला. गाठीचा, दंडांचा, फरशीचा. मग सोडलं. कारण माझ्यासारखीचं कोणी ऐकत नाही, हे मला त्या क्षणीसुद्धा ठाऊक होतं. आपली पोर मुतात बसलेली असताना आईला आधी पुरावा गोळा करावा लागतो. हे ज्यांनी मला शिकवलं, त्या सगळ्यांची मला किळस येते. त्या डॉक्टरची. त्या अच्छाची. त्या खोकल्यासारख्या हसण्याची.

गाठ ओली होती. दातांनी सोडवली.

बाई आल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती, कंटाळा होता. दूधवाला वेळेआधी आल्यावर बायका जशा बघतात तसं बघत म्हणाल्या, "तुम्ही न सांगता कशा आलात?"

मी म्हटलं, "माझ्या पोरीला बांधलंय तुम्ही."

"आवाज कमी करा. आत मुलं आहेत. हे बघा, हिला बांधत नाहीत, बसायची सवय लावतात. ती एका जागी बसत नाही, गोलात येत नाही, इतरांना त्रास. तुम्ही घरी काय करता? तुम्ही बांधत नसाल?"

"नाय बांधत. कोन बांधतं पोराला? जनावर हाय का ती?"

माझे सगळे न बाहेर पडले. बाईंनी एकही दुरुस्त केला नाही. एक पाऊल मागे सरकल्या फक्त.

आणि मग त्या जे बोलल्या ते मी शब्दाला शब्द सांगते. त्या म्हणाल्या, "शांत व्हा. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं हिचं काय आहे. इतकी वर्षं मुलं बघतेय मी. अशी मुलं लगेच ओळखू येतात. ऑटिस्टिक आहे ती."

मी मितूला कडेवर घेऊन उभी. तिच्या ओल्या फ्रॉकने माझा ड्रेस ओला झालेला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अर्थात."

"मग मला का नाय सांगितलं?"

त्यांनी खांदे उडवले. "तुम्हाला सांगून काय कळणार होतं? तुम्ही काय करणार होतात? त्या थेरप्या, ते सगळं, आमच्यातल्या लोकांनासुद्धा झेपत नाही. उगाच तुमच्या डोक्याला ताप. म्हणून म्हटलं, निदान भाषा तरी सुधारा."

मी त्या बाईकडे बघितलं. कांजी केलेली साडी. कपाळावर बारीक टिकली. हातात जपमाळ घालतात तसं लाकडी मण्यांचं काहीतरी. स्वच्छ. साबणाचा वास. आणि मला ओकारी आली. खरोखरची. मी तिथेच, सशाच्या भिंतीजवळ, दाराच्या उंबऱ्यावर ओकले. कोणी पुढे आलं नाही. एका आयाबाईने बादली आणली, तर बाई म्हणाल्या, "थांब, आधी त्यांना जाऊ दे."

त्यांना माहीत होतं. मला उभं करून ण म्हणायला लावत होत्या, तेव्हा माहीत होतं. कारण तुमच्यासमोर उभं आहे म्हणाल्या, तेव्हाही माहीत होतं. पोर टेबलाखाली चाक फिरवत होती आणि त्या शहाण्या बाईला दिसत होतं की हिला मदत लागेल, लवकर लागेल. तरी त्यांनी मला न आणि ण मध्ये अडकवून ठेवलं. कळणाऱ्याने न सांगणं, यापेक्षा घाणेरडं मी अजून काही बघितलेलं नाही. आणि मी चेकिंगला आहे, रोज डाग बघते.

मी तिथून घरी गेले नाही. पोलीस चौकीत गेले. मितू तशीच, ओल्या फ्रॉकमध्ये. सुनीलला फोन केला, तो कंपनीतून निघाला. हवालदाराने फोटो बघितला आणि दात कोरत म्हणाला, "ताई, चांगली बाई आहे ती. माझा पुतण्या तिथेच शिकला. गैरसमज असेल. मुलगी पण जरा तशी आहे ना?"

"कशी?"

तो पुन्हा दात कोरायला लागला.

"कशी हाय सांगा ना. लिहा. जशी हाय तशी लिहा, आणि तिला बांधलं हे पन लिहा."

मी बाकावर बसून राहिले. मितू चौकीच्या पंख्याकडे बघत राहिली. सुनील आला. त्याने पोरीचे दंड बघितले, आणि तो माणूस, जो घरात कधी आवाज चढवत नाही, टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाला, "साहेब, लिहिल्याशिवाय आम्ही हलत नाही." अंधार पडता पडता त्यांनी लिहून घेतलं.

मग मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. रांगेत सकाळ गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती. ती मितूजवळ खाली फरशीवर बसली. साबणाचे फुगे काढले, थांबली, मितू काय करते बघितलं. हाक मारली. बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?"

मला कोणी हे विचारलंच नव्हतं. मी सगळं सांगितलं. शब्द गेले ते, मनगट, बिस्किटाचा कागद, काऊ. ती मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "अजून तपासण्या करू, पण लक्षणं ऑटिझमचीच दिसतायत. तुम्ही बरोबर ओळखलंत. आणि ऐका, हे तुमच्या बोलण्यामुळे झालेलं नाही. घरात तीन भाषा असल्या तरी नाही. तुम्ही बोलता तसंच तिच्याशी बोला." मग म्हणाली, "ट्रेनिंग आधी सुरू झालं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण आता सुरू करू."

आधी. तो शब्द मी घेऊन घरी आले. लोकांना वाटतं आजाराचं नाव ऐकून आई कोसळते. मी नाही कोसळले. मितू जशी होती तशीच होती, नाव कळल्याने ती बदलली नाही. मला राग त्या 'आधी'चा होता. तो 'आधी' कोणी खाल्ला, त्याची नावं मला माहीत होती.

सासूबाई घरी रडल्या. "येडी म्हनून शिक्का मारून आनलास पोरीवर." मी म्हटलं, "आई, येडी नाय ती. तिचं डोकं वेगळं चालतं. आपल्याला शिकायला लागेल." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण तिसऱ्या दिवशी मी बघितलं, त्या मितूसमोर पाय पसरून बसल्या होत्या आणि झाकणं लावायला तिला एकेक देत होत्या. ती हात पुढे करेपर्यंत थांबत होत्या. मी हॉस्पिटलातून शिकून आले होते तसं.

मग माणसं यायला लागली. आधी बालमंदिरातली एक आई आली. तीच, खोकल्यासारखं हसणारी. दारातच उभी राहून म्हणाली, "आमचा रुद्र घरी बाहुल्याला टॉवेलने बांधायचा. विचारलं तर म्हणायचा, मितू मितू. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मग चौकीत येऊन सांगाल का हे?"

"अहो, माझा मुलगा अजून तिथेच आहे ना."

ती गेली. माझ्या दारात एवढंच टाकायला आली होती. मन हलकं करून गेली. माझी ओसरी काय कचराकुंडी आहे?

मग बाईंचे यजमान आले, सोबत आमच्याच वस्तीतला एक पुढारी. जयंतीला स्टेजवर असतो, छातीवर बिल्ला. मिठाईचा बॉक्स माझ्या मांडीवर ठेवायला बघत होता. म्हणाला, "बहिणी, समाजात आपलं नाव खराब होतं, कोर्टकचेरी कशाला? बाई मोठ्या मनाच्या आहेत. मुलीला फुकट सांभाळायला तयार आहेत. वेगळी खोली देणार."

वेगळी खोली. मी ती खोली बघितली होती.

यजमान म्हणाले, "तिला तुमच्याबद्दल वाईट वाटतं हो. ती रोज देवाजवळ तुमच्या मुलीसाठी दिवा लावते."

मी बॉक्स उचलला आणि त्यांच्या चपलांवर ठेवला. सासूबाई आतून आल्या. मला वाटलं, मला आवरायला आल्या. त्यांनी पुढाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुझ्या नातीला बांधलं असतं तर तू मिठाई खाल्ली असतीस का रे?" तो उठला.

तेव्हापासून वस्तीत काही जण आमच्याशी बोलत नाहीत. कोर्टाच्या तारखेच्या दिवशी कारखान्यात खाडा पडतो, तर सुपरवायझर तोंड वाकडं करतो. रिक्षात मितू हात फडफडवते तर बाजूची बाई पदर सावरून सरकते आणि विचारते, "काय झालंय हिला?" आधी मी काहीतरी पुटपुटायची. आता सांगते. ऑटिझम आहे. तुमच्या घरात कोणी पोर हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर वाट बघू नका, आणि कोणी तुमचं आडनाव ऐकून अच्छा म्हटलं तर उठून दुसरीकडे जा. रिक्षावाला आरशातून बघतो. बघू दे.

मला कोणाची दया नको. बिचारी म्हणू नका, देवाचं लेकरू म्हणू नका. तिला शाळेत घालायची आहे, बाकीची पोरं जातात त्याच शाळेत, आणि शाळेला तिला घ्यावं लागेल. कायदा आहे. मी तो वाचलाय. हो, आम्ही लोक आता हेही वाचतो.

बाईंचं बालमंदिर अजून चालू आहे. गाणी ऐकू येतात. परवा निरोप आला, बाई स्वतः घरी येऊन माफी मागायला तयार आहेत, फक्त केस मागे घ्या. मी उलटा निरोप पाठवला. घरी येऊ नका. माझ्या घरात तुमची माफी ठेवायला जागा नाही. बोलायचं ते कोर्टात बोला, सगळ्यांसमोर, उभ्या राहून. मूल आम्ही बांधलं, आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही, एवढं मोठ्याने म्हणा.

पुढची तारीख लागली आहे. मी मितूला घेऊन जाणार. तक्रारीवर सही माझी आहे. ती मी पुसणार नाही.